गुणांचा खेळ आणि खेळांतील गुण

‘गुण’ या शब्दास मराठींत दोन अर्थ आहेत. परीक्षेच्या निकालपत्रावर जे आंकडे येतात त्यांसहि आपण गुण म्हणतों, आणि सत्य, धैर्य, दया, संयम यांसहि गुणच म्हणतों. पहिले गुण मोजतां येतात, दुसरे मोजतां येत नाहींत. पहिले शिक्षक देतात, दुसरे ज्याचे त्यानें मिळवावयाचे असतात. शाळेच्या वर्गांत हे दोन प्रकारचे गुण बहुधा एकमेकांस ओळख न दाखवितां वावरतात. परंतु शाळेंत एक जागा अशी आहे कीं, जेथें त्यांची रोज गांठ पडते. ती जागा म्हणजे क्रीडांगण. तेथें गुणफलकहि असतो आणि स्वभावाची परीक्षाहि असते. हे दोन गुण तेथें एकमेकांस साह्य करितात कीं एकमेकांचा घात करितात, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

या विचारास आज विशेष निमित्त आहे. अलीकडे शिक्षणशास्त्रांत ‘गेमिफिकेशन’ असा एक शब्द रूढ झाला आहे. खेळांत मन रमविणाऱ्या ज्या गोष्टी असतात, म्हणजे नियम, गट, चढत्या पायऱ्या, गुण, बिल्ले, गुणफलक इत्यादि, त्या अन्य कार्यास जोडून तें कार्य मुलांस गोड करावयाचें, असा त्याचा अर्थ. शारीरिक शिक्षणाच्या तासांत ही युक्ति योजून मुलांस सहकार्य, प्रामाणिकपणा, परस्परांविषयीं आदर इत्यादि सामाजिक व नैतिक मूल्यें शिकवावीं, असा प्रयत्न देशोदेशीं चालला आहे. शब्द नवा असला तरी कल्पना जुनी आहे. आणि जुनी असल्यामुळेंच तिचे लाभ व धोके हे दोन्ही पारखावयास पुरेसा अनुभव आपल्या हातीं आहे.

खेळल्यानें मुलांस नीति येते, असें आपण सहज बोलून जातों. परंतु हें विधान जसेंच्या तसें मान्य करतां येत नाहीं. चेंडूच्या अंगीं नीतिहि नसते, अनीतिहि नसते. ज्या मैदानावर एक मुलगा पराभव हंसतमुखानें सोसावयास शिकतो, त्याच मैदानावर दुसरा मुलगा पंचाची नजर चुकवून प्रतिपक्षाच्या गड्यास पाय कसा घालावा हें शिकतो. घाम दोघांचाहि सारखाच गळतो आणि बाहुहि दोघांचे सारखेच पुष्ट होतात. मग एकास सद्गुण व दुसऱ्यास दुर्गुण कोणीं शिकविला? विचार करितां असें दिसतें कीं, खेळांतील खरा शिक्षक म्हणजे त्याचे नियम, आणि ते ज्या वृत्तीनें पाळले जातात ती वृत्ति होय.

खेळाच्या नियमांत एक अपूर्व गोष्ट आहे. कवायतींत आज्ञा बाहेरून येते आणि मुलगा ती पाळतो. खेळांतील बंधन मात्र त्यानें आपण होऊन पत्करलेलें असतें. हुतुतूच्या मैदानावर मध्यें कोणी भिंत बांधीत नाहीं. चुन्याची एक रेघ ओढतात. त्या रेघेस भिंतीचें सामर्थ्य येतें तें केवळ उभय पक्षांच्या संमतीनें. समाजांतील कायदे, वचनें, करार हे सर्व याच प्रकारच्या रेघा आहेत. त्या न पुसतां जगण्याचा अभ्यास लहानपणीं जितका मैदानावर होतो, तितका तो पुस्तकांतील धड्यांनीं क्वचितच होतो.

आपल्या देशी खेळांकडे या दृष्टीनें पाहिलें तर त्यांत मोठी समज सांठविलेली आढळते. हुतुतू अथवा कबड्डी हा खेळ पूर्वीं तीन प्रकारांनीं खेळत असत. ‘गामिनी’ या प्रकारांत एकदां बाद झालेला गडी आपल्या पक्षाचे सर्व गडी बाद होईपर्यंत बाहेरच बसे. ‘संजीवनी’ या प्रकारांत आपल्या पक्षानें प्रतिपक्षाचा गडी मारला कीं आपला एक मेलेला गडी जिवंत होऊन मैदानांत परत येई. ‘अमर’ या प्रकारांत गडी बाहेर जातच नसे. मारणाऱ्या पक्षास गुण मिळे व खेळ पुढें चाले. गडी तेच, दम तोच, मैदानहि तेंच. परंतु नियम पालटतांच शिकवण पालटली. गामिनींत दुबळा मुलगा प्रथम बाद होतो आणि ज्यास खेळण्याची गरज अधिक तोच अधिक वेळ बसून राहतो. संजीवनींत बाहेर बसलेल्या सोबत्याची आठवण चढाई करणाऱ्यास ठेवावी लागते, कारण त्याच्या पराक्रमाचें पहिलें फळ म्हणजे सोबत्याचें पुनरागमन होय. आज सात-सात गड्यांची जी कबड्डी सर्वत्र खेळतात, तींत हाच संजीवनीचा नियम राहिला आहे.

खोखोची रचना तर याहूनहि बोधप्रद आहे. पाठलाग करणाऱ्या पक्षाच्या नऊ गड्यांपैकीं आठ गडी मैदानाच्या मधोमध एका ओळींत, एकाआड एक विरुद्ध दिशांस तोंडें करून बसतात; धांवतो तो एकटा नववा. त्यास मागें वळतां येत नाहीं व बसलेल्यांच्या ओळींतून पलीकडे जातां येत नाहीं. म्हणजे कितीहि चपळ गडी असला तरी एका ठराविक क्षणीं तो निरुपाय होतो. त्या क्षणीं त्यानें बसलेल्या सोबत्यास खो द्यावा आणि स्वतः त्याच्या जागीं बसावें, एवढेंच त्याच्या हातीं असतें. वेळेवर खो न देणारा स्वार्थी गडी आपल्या पक्षाचा डाव घालवितो. आणि खो मिळण्यापूर्वीं उठणारा उतावळा गडीहि तो घालवितो. आपली पाळी दुसऱ्यास द्यावी, आणि आपली पाळी येईपर्यंत सिद्ध राहून थांबावें, हे दोन धडे कोणत्याहि उपदेशाविना या खेळांत रोज गिरविले जातात.

नियमांच्या द्वारें वर्तन घडवितां येतें हें ओळखून मुद्दाम नवा खेळ रचल्याचें एक प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेंत आहे. मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील स्प्रिंगफील्ड येथें वाय. एम. सी. ए. चें एक शिक्षणालय होतें. तेथें १८९१ सालीं जेम्स नेस्मिथ नांवाचे तरुण शिक्षक होते. ते मूळचे कॅनडांतील असून माँट्रिऑल येथें त्यांनीं धर्मशास्त्राचा अभ्यास केला होता. हिवाळ्यांत बाहेर खेळतां येत नसल्यामुळें त्यांच्या वर्गांतील तरुण कंटाळून दांडगाई करूं लागले होते. त्यांच्यासाठीं बंद दालनांत खेळतां येईल असा नवा खेळ शोधून काढण्याचें काम नेस्मिथ यांच्यावर पडलें. त्यांनीं प्रथम दांडगाईचें मूळ कोठें आहे याचा विचार केला. फुटबॉलच्या त्यांच्याकडील प्रकारांत गडी एकमेकांस पाडतात तें चेंडु घेऊन पळणाऱ्यास अडविण्यासाठीं. तेव्हां चेंडु घेऊन पळण्यासच बंदी केली तर पाडण्याचें कारणच उरणार नाहीं. त्याचप्रमाणें गोल जमिनीवर उभा असला कीं चेंडु जोरानें मारावासा वाटतो. तोच डोक्याच्या वर आडवा बांधला तर जोराचा उपयोग न होतां कौशल्याचा होईल. या विचारांतून त्यांनीं सज्जाच्या कठड्यास दहा फुटांच्या उंचीवर पीच फळांच्या दोन करंड्या अडकविल्या, तेरा नियम लिहिले, आणि डिसेंबर महिन्यांत बास्केटबॉलचा जन्म झाला.

त्या तेरा नियमांत दंडाचीहि सुंदर योजना होती. ज्याच्या हातून दुसऱ्यांदा दांडगाई होई त्यास पुढील गोल होईपर्यंत बाहेर बसावें लागे. आणि एका पक्षाच्या हातून लागोपाठ तीन आगळिकी झाल्या तर प्रतिपक्षास एक गोल मिळे. एकाच्या आडदांडपणाची किंमत सर्व पक्षास द्यावी लागल्यामुळें, त्यास आवरण्याचें काम पंचाच्या आधीं त्याचे सोबतीच करूं लागत. पुढें १९२० सालीं हॅरी क्रो बक यांनीं मद्रास येथें वाय. एम. सी. ए. चें शारीरिक शिक्षणाचें महाविद्यालय स्थापन केलें, आणि तेथें तयार झालेल्या शिक्षकांच्या द्वारें असले खेळ हिंदुस्थानांतील अनेक शाळांत पोहोंचले.

योगायोग असा कीं, ज्या १८९१ सालीं स्प्रिंगफील्ड येथें हें घडलें, त्याच सालीं शरद ऋतूंत आपल्याकडे काश्मीरांतहि एका मिशन शाळेंत असाच एक प्रयोग आरंभिला गेला. श्रीनगर येथें चर्च मिशनरी सोसायटीची शाळा होती. रेव्हरंड सेसिल टिंडेल-बिस्को हे १८९० सालच्या अखेरीस तेथें आले. केंब्रिज येथें शिकत असतांना १८८४ सालच्या सुप्रसिद्ध नौकाशर्यतींत विजयी केंब्रिज नौकेचें सुकाणूं त्यांच्या हातीं होतें. श्रीनगरच्या शाळेंतील मुलें बहुतेक प्रतिष्ठित ब्राह्मण घराण्यांतील होतीं. धांवणें, पोहणें, नाव वल्हविणें हीं कामें हलक्या लोकांचीं, अशी त्यांची समजूत होती. वल्हें मारणें हें तर हांजी म्हणजे नावाडी लोकांचें काम. अशा मुलांसमोर टिंडेल-बिस्को यांनीं चामड्याचा फुटबॉल आणून ठेवला. चामड्यास शिवावें लागणार म्हणून मुलांनीं खेळण्याचें नाकारलें. तेव्हां शिक्षकांच्या हातीं काठ्या देऊन त्यांस मैदानाभोंवतीं उभें करण्यांत आलें, आणि खेळ सुरू झाला. मध्येंच चेंडु एका मुलाच्या तोंडावर आदळला. आपण विटाळलों म्हणून तो रडूं लागला. त्यास कालव्यावर नेऊन धुऊन आणावें असें टिंडेल-बिस्को यांनीं सांगितलें, आणि खेळ पुढें चालू झाला. ही हकीकत त्यांनीं स्वतःच लिहून ठेविली आहे.

या प्रसंगाचें वर्णन पुष्कळदां कौतुकानें केलें जातें. तथापि शांतपणें विचार केला तर काठीच्या धाकानें खेळलेला तो खेळ, खेळ या नांवास पात्र नव्हता हें कबूल केलें पाहिजे. खेळाचा प्राण म्हणजे संमति, आणि तीच तेथें नव्हती. शिवाय ज्या मुलाच्या धर्मभावनेस धक्का बसला त्याचें दुःख खरें होतें. एक अहंकार मोडण्यासाठीं दुसऱ्याचा मान मोडणें हा नीतिशिक्षणाचा मार्ग नव्हे. त्या शाळेचें जें कार्य टिकलें तें काठीनें साधलें नाहीं; तें पुढील काळांतील योजनांनीं साधलें, आणि त्या योजना आपल्या विषयाच्या दृष्टीनें फार महत्त्वाच्या आहेत.

त्यांतील पहिली योजना गुणांची. त्या शाळेंत मुलाच्या एकूण गुणांचे तीन सारखे भाग केलेले असत: एक भाग बुद्धीसाठीं, एक शरीरासाठीं व एक आत्म्यासाठीं, म्हणजे वर्तनासाठीं. केवळ पाठांतराच्या बळावर पहिला येणाऱ्या मुलास हें एक आव्हानच होतें. दुसरी योजना पोहण्याची. झेलमच्या कांठीं वसलेल्या आणि सरोवरांनीं वेढलेल्या त्या शहरांत बुडून मृत्यु येणें ही नित्याची गोष्ट होती. म्हणून ठराविक वयापर्यंत जो मुलगा पोहावयास शिकत नसे त्याची फी वाढविली जाई. तिसरी योजना सर्वांत मोलाची. मैदानावर व पाण्यावर जें कौशल्य मिळेल तें लोकांच्या उपयोगीं पडलेंच पाहिजे, असा शाळेचा परिपाठ ठरला. पोहावयास शिकलेल्या मुलांनीं बुडणाऱ्यांस वांचविलें. शहरांत आग लागली कीं विद्यार्थी विझवावयास धांवत. शाळेच्या ज्या नावा शर्यतींत उतरत, त्याच नावांतून रुग्णालयांतील आजारी माणसांस मोकळ्या हवेसाठीं सरोवरावर फिरवून आणण्यांत येई. ज्या घराण्यांत वल्हें हातीं धरणें कमीपणाचें मानीत, त्याच घराण्यांतील मुलगा परक्या रोग्यासाठीं वल्हें मारूं लागला. एकमेकांवर ठेवलेलीं दोन वल्हीं हें त्या शाळेचें चिन्ह झालें. टिंडेल-बिस्को १९४७ पर्यंत तेथें होते. त्यांच्या नांवाची शाळा श्रीनगर येथें आजहि चालू आहे.

आतां या पद्धतीच्या दुसऱ्या बाजूकडे वळूं. सद्गुणास गुण द्यावयाचे ठरविलें कीं एक संकट उभें राहतें. मुलगा सत्य बोलतो तें सत्यासाठीं कीं पांच गुणांसाठीं? आणि गुण देणें बंद झाल्यावर तो काय करील? ही शंका केवळ तर्काची नाहीं. १९७३ सालीं अमेरिकेंतील लेपर, ग्रीन व निस्बेट या तीन मानसशास्त्रज्ञांनीं स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालकमंदिरांत केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. चित्रें काढण्याची मुळांतच आवड असलेलीं मुलें त्यांनीं निवडलीं. कांहींस सांगितलें कीं, चित्र काढाल तर सोनेरी तारा व फीत लावलेलें प्रशस्तिपत्र मिळेल. कांहींस आधीं कांहीं न सांगतां शेवटीं तेंच प्रशस्तिपत्र दिलें. उरलेल्यांस कांहींच दिलें नाहीं. एक-दोन आठवड्यांनीं पाहतात तों, ज्यांस बक्षिसाचें आमिष दाखविलें होतें तीं मुलें आपण होऊन चित्रें काढण्यांत इतरांच्या सुमारें निम्माच वेळ घालवूं लागलीं होतीं. अनपेक्षित बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र कमी झाली नव्हती. याचा अर्थ, जें काम मूल आनंदानें करीत होतें, त्यास मोल लावतांच त्यांतील आनंद ओसरला.

मैदानावरील उदाहरणहि आहे. २०१८ सालीं रशियांत झालेल्या फुटबॉलच्या विश्वचषक स्पर्धेंत जपान व सेनेगल हे संघ प्राथमिक फेरीच्या अखेरीस सर्व बाबतींत समसमान राहिले. गुण सारखे, केलेले गोल सारखे, झालेले गोल सारखे आणि परस्परांतील सामनाहि बरोबरींत सुटलेला. तेव्हां सभ्य खेळाच्या नियमानुसार निर्णय झाला: जपानच्या गड्यांस चार पिवळीं पत्रें दाखविलीं गेलीं होतीं, सेनेगलच्या गड्यांस सहा; म्हणून जपान पुढें गेला. नियम उत्तम हेतूनें केलेला होता. परंतु आपल्या शेवटच्या सामन्यांत, पोलंडविरुद्ध एका गोलानें मागें असतांना, दुसऱ्या सामन्यांत सेनेगलहि मागें आहे हें कळतांच जपानच्या गड्यांनीं शेवटचीं सुमारें दहा मिनिटें चेंडु आपसांतच फिरवीत ठेवला. पुढें चढाई केली तर कदाचित् आणखी पिवळें पत्र मिळेल किंवा आणखी गोल होईल, ही भीति. प्रेक्षकांनीं हुर्यो उडविली. त्या गड्यांनीं कोणताहि नियम मोडला नव्हता. परंतु सभ्यतेचे गुण राखण्यासाठीं त्यांनीं खेळणेंच सोडलें होतें.

प्रभु येशूंनीं डोंगरावरील प्रवचनांत दानधर्म लोकांस दाखविण्यासाठीं करूं नये असें शिकविलें, त्याचें मर्म येथें ध्यानांत येतें. सत्कृत्य पाहणाऱ्याच्या डोळ्यांसाठीं होऊं लागलें कीं त्याचा आत्मा निघून जातो, मग तो पाहणारा रस्त्यावरील लोकसमुदाय असो वा हातीं गुणपत्रिका घेतलेला शिक्षक असो.

मग गुण देणें अजिबात सोडून द्यावें काय? असें म्हणण्याचें कारण नाहीं. गुण कोण देतो, कोणास देतो व किती दिवस देतो, यांवर बरेंच अवलंबून आहे. याविषयीं दोन खेळांचा अनुभव पाहण्याजोगा आहे.

दक्षिण अमेरिकेंतील कोलंबिया देशांत मेडेलिन नांवाचें शहर आहे. १९९४ सालच्या विश्वचषक स्पर्धेंत आंद्रेस एस्कोबार या गड्याच्या पायानें चुकून आपल्याच संघावर गोल झाला, आणि स्पर्धेहून परतल्यावर थोड्याच दिवसांत त्या शहरीं त्याचा खून झाला. ज्या खेळापायीं हें अघोर कृत्य घडलें त्याच खेळानें तरुणांस हिंसेपासून परावृत्त करावें, या हेतूनें युर्गन ग्रीसबेक यांनीं १९९६ सालीं तेथें शांतीसाठीं फुटबॉल सुरू केला. त्यांत मुलें व मुली एकाच संघांत खेळत, आणि संघाचा पहिला गोल मुलीनेंच करावा असा नियम होता. मुलीस चेंडु न देणारा संघ गोलच करूं शकत नसे. त्यामुळें तिला चांगलें खेळतां यावें ही सर्वांची गरज झाली. या पद्धतीचा पुढें अनेक देशांत प्रसार झाला. तींत सामन्याचे तीन भाग असतात. प्रथम दोन्ही संघ एकत्र बसून नियम ठरवितात. मग पंचाविना खेळतात. शेवटीं पुन्हां एकत्र बसून, ठरलेले नियम कोणीं कितपत पाळले याची चर्चा करून सभ्यतेचे गुण देतात.

दुसरा खेळ ‘अल्टिमेट’ नांवाचा, उडत्या चकतीचा. तो १९६८ सालीं अमेरिकेंतील न्यू जर्सी संस्थानांतल्या एका हायस्कुलाच्या विद्यार्थ्यांनीं निर्माण केला. त्यांत गडीच स्वतःचे पंच असतात. ज्यास धक्का लागला तो सांगतो. ज्याचा लागला तो मान्य करितो किंवा आपली बाजू मांडतो. सामना संपल्यावर प्रत्येक संघ प्रतिपक्षास पांच बाबतींत गुण देतो: नियमांचें ज्ञान, अंगलट न करणें, न्यायबुद्धि, आत्मसंयमासह प्रसन्न वृत्ति, आणि नीट बोलणें. प्रत्येक बाबीस शून्यापासून चारपर्यंत गुण असून दोन म्हणजे यथायोग्य. येथें मौज अशी कीं, सभ्यतेसाठीं पूर्ण गुण नाहींत. सभ्यपणानें खेळणें ही साधारण अपेक्षा मानली आहे, आणि म्हणून तिला मधला आंकडा दिला आहे. शिवाय गुण देणारा हा वरून पाहणारा अधिकारी नसून नुकताच आपल्याशीं झुंजलेला प्रतिपक्षी असतो. आपल्या वागण्याचा ज्यास त्रास झाला किंवा आनंद झाला, त्याच्याच तोंडून निकाल ऐकावा लागतो.

या अनुभवांवरून आपल्या शाळांतील तासांसाठीं कांहीं गोष्टी निश्चित करतां येतात. नियम खेळाआधीं मुलांसमोर ठेवावा व त्याचें कारण सांगून त्यांची संमति घ्यावी. गुण शक्यतों एकट्यास न देतां गटास द्यावे, आणि तेहि अशा कृतीस द्यावे कीं जी खेळांत मुळांतच गुंफलेली आहे. उदाहरणार्थ, पांच जणांच्या गटाची धांव असेल तर गटाची वेळ सर्वांत शेवटीं पोहोंचणाऱ्यावरून मोजावी. मग चपळ मुलगा पुढें जाऊन टाळ्या घेण्याऐवजीं मागें वळून सोबत्याचा हात धरील. परंतु येथेंहि सावधगिरी हवी. मागें राहणाऱ्या मुलावर गटाचा रोष होऊं नये म्हणून त्या गटाची तुलना दुसऱ्या गटाशीं न करितां त्याच्याच मागील आठवड्याच्या वेळेशीं करावी. म्हणजे दुबळ्या मुलाची थोडी सुधारणाहि सर्वांच्या आनंदाचें कारण होईल. खेळ संपल्यावर पांच मिनिटें मुलांनीं बसून आपसांत बोलावें. आज कोणास खेळावयास मिळालें नाहीं? कोणी आपण होऊन बाद झाल्याचें सांगितलें काय? शिक्षकांनीं तेथें थोडें बोलावें आणि पुष्कळ ऐकावें.

शेवटची गोष्ट सर्वांत कठीण. हे गुण हळूहळू कमी करीत जाऊन बंद करावे. दगडी कमान बांधतांना गवंडी खालीं लांकडी आधार देतात. पण कमानीचा मधला दगड बसल्यावर तो काढून घेतात. आधार काढल्यावर जी पडते ती कमान पक्की बांधलेली नव्हती. आणि आधार कधींच न काढल्यास ती पक्की आहे कीं नाहीं हें कळावयाचेंच नाहीं. सभ्यतेचे गुण हा असाच आधार आहे. अमेरिकेंतील डॉन हेलिसन या व्यायामशिक्षकांनीं उपेक्षित वस्त्यांतील मुलांसाठीं जी पद्धति बसविली, तींत पांच पायऱ्या होत्या: इतरांचा मान राखणें, मनापासून प्रयत्न करणें, स्वतःस स्वतः वळण लावणें, दुसऱ्यास साह्य करणें, आणि पांचवी, हें सर्व व्यायामशाळेच्या बाहेर आचरणें. मुलानें रोज आपण कोणत्या पायरीवर आहों हें स्वतःच ठरवावें, अशी त्यांची रीत असे. पांचवी पायरी मैदानावर नाहींच. ती घरीं आहे, रस्त्यावर आहे, आगगाडीच्या गर्दींत आहे.

म्हणून येथें पालकांसहि दोन शब्द सांगणें अवश्य वाटतें. सामन्याहून परतलेल्या मुलास दारांतच पहिला प्रश्न येतो, “जिंकलास का?” या एका प्रश्नानें आपल्या घरीं कोणत्या गुणांस मान आहे हें मूल ओळखतें. त्याऐवजीं “आज खेळ कसा झाला, बाळ? समोरचे गडी कसे होते?” असें विचारलें, तर विजयाची वार्ता तर कळेलच, परंतु आणखीहि पुष्कळ कळेल. मुलगा जर म्हणाला, “चेंडु माझ्या हाताला लागला होता, पंचांना दिसला नव्हता, पण मी सांगितलें, आणि आम्ही हरलों,” तर त्या क्षणीं आईवडिलांच्या चेहऱ्यावर काय उमटतें, यावर त्याचें पुढील आयुष्य बरेंच अवलंबून आहे. तेथें किंचितहि खंत दिसली, तर शाळेनें वर्षभर दिलेले सभ्यतेचे सर्व गुण एका निमिषांत पुसले जातील. आणि तेथें खरा संतोष दिसला, तर त्यास प्रशस्तिपत्राची गरज उरणार नाहीं. प्रेक्षकांत उभे राहून पंचास अपशब्द बोलणारे वडील मुलास काय शिकवितात, हें निराळें सांगावयास नकोच. तसेंच मुलींच्या खेळाची चौकशीहि मुलांच्या खेळाइतक्याच आस्थेनें व्हावी. मैदानाची गरज तिलाहि तेवढीच आहे.

विद्यार्थिमित्रहो, तुम्ही हा लेख वाचीत आहां तेव्हां कदाचित् वार्षिक क्रीडास्पर्धा नुकत्याच पार पडल्या असतील आणि ढाली व चषक कार्यालयाच्या कपाटांत जाऊन बसले असतील. त्यांचा अभिमान अवश्य बाळगा. परंतु हुतुतूच्या मैदानावर असा एक क्षण येतो कीं, जेव्हां दम सुटला किंवा नाहीं, स्पर्श झाला किंवा नाहीं, हें सर्व जगांत एकट्या तुम्हांसच ठाऊक असतें. पंच दुसरीकडे पाहत असतात. गुणलेखकाची लेखणी थांबलेली असते. सोबती ओरडत असतात. त्या क्षणीं हात वर करून ‘बाद’ म्हणणाऱ्या मुलाच्या नांवापुढें गुणफलकावर कांहींच चढत नाहीं. उलट एक गुण प्रतिपक्षास जातो. पण तो गुण गमावतांना जो गुण त्याच्या अंगीं येतो, तो पुढील सामन्यांतहि त्याच्याबरोबर असतो, आणि शाळा सोडतांना मिळणाऱ्या दाखल्यावर लिहिलेला नसला तरी तो त्याच्याबरोबर बाहेर पडतो.